हौसेचे मांजर, पोटाचे मांजर

मराठी भाषेने मांजराविषयी फारसे काही चांगले म्हणून ठेवलेले नाही. डोळे मिटून दूध पिते ते मांजर. उंदराची साक्ष काढायला उभे राहते तेही मांजर. शिंके तुटले की फावते ते बोक्याचे. आणि महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला आडवे जाण्याचा मान साऱ्या प्राणिमात्रांतून मिळाला तोही त्यालाच. अशा या प्राण्याच्या आकृती कापडात शिवण्याचा आणि मातीत घडवण्याचा उद्योग मी बरीच वर्षे करते आहे. शिवणाच्या बाजूला उशा, टाचण्या टोचून ठेवायच्या लहान गाद्या, किटलीच्या टोप्या, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवून ठेवायची वाळू भरलेली जड मांजरे. मातीच्या बाजूला पणत्या, पेले, मिठाच्या बरण्या आणि काहीही उपयोग नसलेली, नुसती बसलेली मांजरे. प्रदर्शनात मांडणी केली की येणाऱ्यांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास निघतात. पहिले, ‘अय्या, किती गोड!’ आणि दुसरे, ‘बरा वेळ मिळतो हो ताई तुम्हाला!’

पहिल्या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हा लेख दुसऱ्या वाक्याविषयी आहे.

‘वेळ मिळतो’ या दोन शब्दांत एक पक्के गृहीत दडलेले असते. वेळ हा कोणाला तरी आपोआप मिळतो, तो फुकट असतो आणि त्यातून उगवलेली वस्तूही जवळपास फुकटच असली पाहिजे, असे ते गृहीत. किंमत सांगितली की मग पुढचा प्रश्न येतो, ‘घरीच करता ना? मग एवढे कसले पैसे?’ म्हणजे मोजायचे ते फक्त कापड आणि माती. हात मोजायचे नाहीत, डोळे मोजायचे नाहीत. आपल्याकडे या न मोजण्याला एक गोंडस नाव आहे: हौस. हौसेला मोल नसते, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. माझे म्हणणे असे की, जिथे वस्तू विकायला मांडली जाते तिथे या शब्दाने करणाऱ्या बाईचे नुकसान तर होतेच. पण त्याहून मोठे नुकसान होते ते त्याच कामावर ज्यांचे पोट आहे त्यांचे. पण हे पटवून द्यायचे तर आधी एका मांजरात काय काय जाते ते सांगायला हवे.

कापड आणि मांजर यांचे नाते तसे जुने आहे. पट्टेरी मांजराला इंग्रजीत ‘टॅबी’ म्हणतात. हा शब्द मांजराकडे कापडाकडून आलेला आहे. बगदाद शहरात अत्ताबी नावाची एक पेठ होती आणि तिथे विणल्या जाणाऱ्या रेशमी वस्त्राला तिचेच नाव पडले होते. ते वस्त्र युरोपात गेले, फ्रेंच व इंग्रजी तोंडांतून फिरता फिरता नावाचे ‘टॅबी’ झाले, लाटांसारखे पट्टे चमकणाऱ्या रेशमाला ते चिकटले आणि शेवटी तसेच पट्टे अंगावर घेऊन हिंडणाऱ्या मांजरावर येऊन बसले. विणकराच्या मागावरचा शब्द मांजराने पटकावला, तेव्हा मांजर कापडात शिवणारीने संकोच करण्याचे काही कारण नाही.

शिवणाऱ्याच्या दृष्टीने मांजर हा कठीण प्राणी आहे. हत्तीला सोंड लावली की हत्ती झाला, सशाला लांब कान दिले की काम भागले. मांजराची ओळख मात्र एखाद्या अवयवात नसते, ती अवयवांमधल्या अंतरात असते. कान जरा लांब सरकले की अस्वल होते, जवळ आले की कोल्हा. डोळे अर्धा सेंटिमीटर वर गेले की म्हातारी मांजर, खाली आले की पिल्लू. म्हणून कागदावरचा बेत आधी नीट हवा. कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा ओळखून बेतावे लागते, नाहीतर भरण घातल्यावर मांजर एका अंगाला कलते. शिलाईसाठी कडेला माया सोडावी लागते. (शिवणातल्या या शब्दाइतका चपखल शब्द मला दुसऱ्या कोणत्याही धंद्यात आढळलेला नाही.) वळणावर त्या मायेला कातरीने बारीक खाचा द्याव्या लागतात, पण टाक्याला धक्का न लावता, खाचा दिल्या नाहीत तर उलटवल्यावर गालाला चुण्या पडतात. कानांची टोके बोथट काडीने हलक्या हाताने बाहेर काढायची. भरण आधी कानात, मग पंजांत आणि सगळ्यात शेवटी पोटात. सावरीचा कापूस मऊ पण लवकर बसणारा, चिंध्या जड पण गोळे होणाऱ्या, पॉलिएस्टरचे भरण हलके, धुता येणारे, पण उन्हाळ्यात गरम. कुठल्या मांजराला काय हवे ते त्याच्या कामावर ठरते. टाचण्यांच्या गादीत घट्ट भरण हवे, लहान मुलाच्या कुशीतल्या मांजरात सैल.

चेहरा सर्वांत शेवटी. लहान मुलासाठी मांजर असेल तर मी बटणांचे डोळे लावत नाही, कारण बटण तुटते आणि तोंडात जाते. डोळे दोऱ्याने भरते. तिथे घाई चालत नाही. बेतण्यापासून मिशीच्या शेवटच्या दोऱ्यापर्यंत वीतभर उंचीच्या एका मांजराला मला चार ते पाच तास लागतात. हात वर्षानुवर्षे बसलेला असूनही लागतात.

मातीची गोष्ट वेगळी. कापड चुकले तर उसवता येते. भाजलेली माती उसवता येत नाही. तिथे सगळा हिशेब आधी करावा लागतो. माती भिजवायची, गाळायची आणि कणकेसारखी मळायची, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. मांजराचे अंग भरीव ठेवून चालत नाही. ते आतून पोकळ हवे, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी आणि बुडाला कुठेतरी एक बारीक छिद्र हवे. वरून कोरड्या दिसणाऱ्या जाड मातीच्या आत ओल राहिलेली असते; भट्टीत तापमान शंभर अंशांपलीकडे गेले की त्या ओलीची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही तर ती स्वतःच वाट करते आणि मांजराबरोबर शेजारची दोन भांडीही घेऊन जाते. पुढे पाचशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती माती पुन्हा कधीही चिखल होत नाही. साधी लाल माती 900 ते 1000 अंशांवर भाजते. झिलईचे घट्ट दगडी भांडे 1200 अंशांच्या पुढे जाते. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते, म्हणून मांजर घडवताना ते हवे त्याहून थोडे मोठेच घडवायचे.

मांजराचे कान इथेही त्रास देतात. ते पातळ, म्हणून अंगाच्या आधी वाळतात आणि सांध्यावर चीर जाते. त्यावर उपाय एकच: सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल लावून जोडायचे, नंतर कानांवर ओल्या फडक्याचा तुकडा पांघरून ठेवायचा आणि रोज उघडून पाहायचे. शेपटीचे तर विचारूच नये. हवेत उभारलेली मातीची शेपूट वाळताना वाकते, भट्टीत मोडते, तेवढ्यातूनही वाचली तर गिऱ्हाइकाच्या हातात मोडते. जगातली बहुतेक मातीची मांजरे शेपूट अंगाभोवती लपेटून बसलेली दिसतात, त्याला मांजराच्या सवयीइतकेच मातीचे हे गणितही कारण आहे. सुदैवाने मांजराला तसे बसणे मुळातच आवडते. पाय पोटाखाली घेऊन बसलेले मांजर हे निसर्गाने चाकावरून उतरवून ठेवलेले मडकेच असते.

आता हा सगळा ‘रिकामपणचा उद्योग’ आहे का? मांजराच्या मूर्तीचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

जपानमध्ये दुकानाच्या दारात एक पंजा वर करून बसलेले मांजर असते, ‘मानेकी-नेको’, म्हणजे बोलावणारे मांजर. आपल्याकडेही आता अनेक दुकानांच्या गल्ल्यावर ते सोनेरी प्लॅस्टिकच्या रूपात बॅटरीवर हात हलवत बसलेले दिसते. पाश्चात्त्य माणसाला ते ‘टाटा’ करते आहे असे वाटते. मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही, कारण तळवा खाली करून बोटे हलवत ‘ये’ म्हणण्याची पद्धत आपलीही आहे. या मांजराच्या जन्माच्या कथा अनेक. तोक्योतल्या गोतोकुजी मंदिराची कथा अशी की, तिथल्या मांजराने पंजा हलवून एका सरदाराला आत बोलावले आणि वादळातून वाचवले. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी, असाकुसा भागातली कथा. एक म्हातारी. गरिबीमुळे तिला आपले मांजर पोसवेना, तिने ते सोडून दिले. रात्री ते स्वप्नात आले आणि म्हणाले, माझी मूर्ती कर, तुझे भले होईल. तिने तिथल्याच इमादो नावाच्या मातीच्या भांड्यांच्या कामात मांजर घडवले आणि देवळाच्या वाटेवर विकायला ठेवले. ते खपले, आणखी मागणी आली, म्हातारीचे दिवस पालटले. 1852 साली चित्रकार हिरोशिगेने काढलेल्या एका चित्रात अशी मांजरे विकणारे दुकान दिसते.

कथा खरी की खोटी हा प्रश्न नाही. कथेत काय आहे ते पाहावे. मांजर म्हातारीला ‘माझी मूर्ती कर, मन रमेल’ असे म्हणत नाही. ते पोटापाण्याची तजवीज सांगते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मातीच्या मांजराच्या जन्मकथेत एक गरीब बाई आहे, तिचा हात आहे आणि त्या हाताला मिळालेला भाव आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर आइची प्रांतातल्या तोकोनामे गावाने हे काम मोठ्या प्रमाणावर उचलले. आज आपल्याला माहीत असलेले वाटोळ्या डोळ्यांचे, पोटावर सोन्याचे नाणे धरलेले गुबगुबीत मांजर तिथलेच. प्लॅस्टरच्या साच्यात पातळ माती ओतून ती घडवली जातात. ज्या गावात शतकानुशतके घडे आणि रांजण भाजले जात, तिथे भट्ट्या तगून राहायला मांजराचाही हातभार लागला.

चीनमध्ये रेशमाच्या मुलखात मातीची मांजरे करीत ती रेशमाच्या किड्यांची राखण करण्यासाठी. उंदीर किडे खातात; म्हणून किड्यांच्या तबकांजवळ रंगवलेले मातीचे मांजर बसवायचे, जत्रेतून दरसाल नवे आणायचे. उंदीर त्याला कितपत भीत असतील ते उंदीर जाणोत. पण घरातले वर्षाचे उत्पन्न ज्या तबकांत आहे, तिथे बाई मांजर ठेवते, याला हौस म्हणत नाहीत.

कापडाच्या बाजूचे उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे गाव आहे. तिथल्या स्मिथ कुटुंबात सीझर ग्रिमाल्किन या भारदस्त नावाचे एक मांजर होते आणि त्याच्या पुढच्या पंजांना नेहमीपेक्षा जास्त बोटे होती. कुटुंबातल्या सीलिया आणि चॅरिटी स्मिथ या दोघींनी त्याच्यावरून कापडाच्या मांजराचा बेत तयार केला, 1892 साली त्याचे एकस्व घेतले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या अर्नॉल्ड प्रिंट वर्क्स या कापडछपाईच्या कारखान्याला तो छापायला दिला. कापडावर मांजराचे पुढचे अंग, मागचे अंग आणि बूड छापलेले. घरी कापायचे, शिवायचे, भरायचे. पहिल्याच नाताळात लाखाहून अधिक मांजरे खपली. पुढे कितीतरी प्राणी त्याच पद्धतीने छापले गेले. त्याआधी 1880 साली जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ या बाईने लोकरीच्या जाड कापडाचा एक लहान हत्ती शिवला तो टाचण्यांची गादी म्हणून. लहानपणच्या पोलिओमुळे तिचे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले, उजवा हातही धड चालत नसे. मुलांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्तीशी खेळायला सुरुवात केली. मग हत्तीमागोमाग कुत्री, मांजरे, अस्वले आली आणि त्यातून जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला. या बायकांना शेजारणी ‘वेळ बरा मिळतो’ असे म्हणाल्याच असतील. फरक इतकाच की या बायकांनी आपल्या कामाची किंमत लावली.

आता आपल्याकडे यावे. मला आमच्यातल्या हौशी मंडळींबद्दल दोन गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत.

पहिली गोष्ट भावाची. एका प्रदर्शनात माझ्या एका बाजूला बचत गटाची बाई होती, तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आलेली. तिच्याकडे जुन्या साड्यांची, गोधडीच्या टाक्यांनी भरलेली सुरेख मांजरे होती. किंमत तीनशे रुपये, आणि ती वाजवीच होती. दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. त्यांचीही मांजरे चांगली होती आणि त्यांनी किंमत ठेवली होती दीडशे. ‘मला काय करायचेत हो पैसे, कापडाचे निघाले की झाले!’ असे त्या येणाऱ्या प्रत्येकाला हसून सांगत होत्या. दुपारपर्यंत गिऱ्हाइके एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊन ‘पलीकडे दीडशेला आहे’ असे म्हणू लागली. संध्याकाळी बचत गटाच्या बाईने पाटी बदलली. एकशे ऐंशी. त्यातून कापड, भरण, दोरा, एसटीचे भाडे आणि टेबलाचे भाडे वजा करा. चार तासांच्या कामाचे तिच्या हाती काय उरले असेल ते वाचकांनीच काढावे.

काकूंचे मन वाईट नव्हते. उलट आपण किती निर्लोभी आहोत याचेच त्यांना समाधान होते. पण ज्याला पैशाची गरज नाही त्याने बाजारात बसून भाव पाडणे हा निर्लोभीपणा नव्हे. त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. म्हणून माझा नियम साधा आहे: द्यायचे असेल तर फुकट द्यावे, विकायचे असेल तर पुऱ्या भावाने विकावे. भाचीच्या बारशाला कापडी मांजर द्या, शेजारणीच्या नातवाला द्या, दवाखान्यात पडलेल्या मैत्रिणीला द्या. तिथे हौस शोभते आणि तिथे खरोखरच तिला मोल नसते. पण टेबल मांडले, पाटी लावली की तुम्ही बाजारात आहात आणि बाजारात तुमच्या शेजारी कोणीतरी पोटासाठी बसलेले आहे. पेन्शन तुम्हाला आहे, तिला नाही.

मातीच्या बाजूला हेच उलटे होते, आणि तेही बोलले पाहिजे. शहरातल्या स्टुडिओत झिलई लावून भाजलेला मांजराच्या कानांचा एक पेला हजार रुपयांना सहज जातो. आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरते आहे, त्या कुंभाराच्या माठाशी आपण वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतो. एकाचे काम कला आणि दुसऱ्याचे काम मडके! मळलेली माती, हाताचा दाब, भट्टीची भीती दोघांनाही सारखीच आहे. मी मातीकाम शिकले त्यात पुस्तकांपेक्षा कुंभारवाड्यातल्या एका आजोबांचा वाटा मोठा आहे. माती कधी पुरेशी वाळली ते ओळखायला ते कच्चे भांडे गालाला लावून पाहत. गार लागले की आत ओल आहे. ही गोष्ट त्यांनी मला फुकट सांगितली. तिच्यावर माझी कितीतरी मांजरे वाचली आहेत. तेव्हा स्टुडिओवाल्यांनी आपला भाव खुशाल घ्यावा, पण कुंभाराचा भाव पाडून नव्हे. जमल्यास त्यालाही आपल्या टेबलाशेजारी टेबल मिळवून द्यावे.

यावर कोणी म्हणेल, यंत्राच्या आणि परदेशी मालाच्या लाटेत या हिशेबाला काय अर्थ? अर्थ आहे. सरकारने 2020 साली खेळण्यांवरचे आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर नेले आणि 2023 साली सत्तर टक्क्यांवर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. म्हणजे कायद्याने तरी हातकामाला वेगळी जागा दिली. पण सूट नोंदणी केलेल्या कारागिराला आहे, आणि आमच्यातल्या निम्म्या बायका ‘आम्ही कसल्या कारागीर, आपली हौस म्हणून करतो’ असे म्हणत त्या रांगेत उभ्याच राहत नाहीत. हौस हा शब्द इथेही आडवा येतो. खऱ्या मांजराहून जास्त वेळा.

दुसरी गोष्ट नकलेची. आमच्या प्रदर्शनांतली मांजरे पाहिली तर ती सारी तोकोनामेची नाहीतर ‘हॅलो किटी’ची भावंडे दिसतात. मोठे डोके, वाटोळे डोळे, तोंड असून नसल्यासारखे. हॅलो किटी 1974 साली सानरिओ या जपानी कंपनीत जन्मली. आणि ती मांजर नसून लहान मुलगी आहे, असे त्या कंपनीनेच 2014 साली सांगितले. मुळात जी मांजर नाही तिची नक्कल करून आपण मांजरे करीत आहोत! आपल्याला स्वतःचे मांजर नाही असे थोडेच आहे? महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावर उभे राहून तप करणारे मांजर आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर आहेत. कोलकात्याच्या कालीघाटच्या पटुआंनी तोंडात कोळंबी धरलेले, कपाळावर गंध लावलेले ढोंगी मांजर रंगवले. मुलाबाळांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन बंगालमध्ये मांजर आहे. आणि आपल्या वाड्यांच्या कौलांवरून चालणारे, लांब पायांचे, अरुंद तोंडाचे, एक कान भांडणात फाटलेले, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आतला अंदाज घेणारे ते सडसडीत मांजर? ते मला कोणाच्याच टेबलावर दिसत नाही. ते गोड नाही, म्हणून ते खपणार नाही, अशी आमची समजूत आहे. माझा अनुभव तसा नाही. इरकलीच्या जुन्या तुकड्यांतून शिवलेली फाटक्या कानाची मांजरे मी मांडते, आणि ती पाहून लोक ‘गोड’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘अरे, हा तर आमच्या मागच्या गल्लीतला बोका!’ मला ही पावती जास्त मोलाची वाटते. ओळख पटली याचा अर्थ पाहणाऱ्याने कधीतरी त्या बोक्याकडे पाहिले होते आणि करणारीनेही पाहिले होते.

इथे एक अवघड गोष्ट येते. ज्या सोसायट्यांत माझी कापडी मांजरे सोफ्यावर बसतात, त्याच सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर ‘जिन्यात मांजरांना खायला घालू नये’ अशी पाटी असते. पिल्ले पोत्यात भरून दूर सोडून येण्याचे ठराव होतात. मातीच्या मांजराला आपण दिवाणखान्यात जागा देतो, कारण ते दूध मागत नाही आणि गादीवर केस गाळत नाही. याचा दोष मी कलावस्तूला देत नाही. पण मांजर करणाऱ्यांवर एक जबाबदारी येते, असे मला वाटते. ज्याच्याकडे तासन्‌तास पाहून आपण कानाचे अंतर शिकलो, त्याच्या पोटाची, नसबंदीची, आजारपणाची काही वास्तपुस्त आपण घेतली पाहिजे. आमच्या गटातल्या काही जणी विक्रीतला ठरावीक वाटा गल्लीतल्या मांजरांच्या शस्त्रक्रियांसाठी बाजूला ठेवतात. हे दानधर्माच्या भावनेने करू नये. चित्रकारही समोर बसवलेल्या माणसाला त्याचे पैसे देतो, तसेच हे.

म्हणजे हिशेबात तीन जण आहेत: करणारी, तिच्या शेजारी पोटासाठी बसलेली आणि कौलावर बसलेले ते. तिघांचेही द्यायचे असेल तर वस्तूची किंमत खरी लावावी लागते, आणि खरी किंमत लावायची तर आधी ‘हौस म्हणून करते हो’ हे वाक्य टाकून द्यावे लागते. ते वाक्य आम्हा बायकांच्या तोंडी इतके बसले आहे की कोणी विचारण्याआधीच आम्ही ते म्हणतो, जणू पैसे मागितल्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो. पुरुष सुतार, गवंडी, चांभार असे म्हणताना मी ऐकलेला नाही.

दिवाळीपूर्वीची प्रदर्शने आता सुरू होतील. मंगल कार्यालयांतून, शाळांच्या सभागृहांतून टेबले मांडली जातील. त्यांत कुठेतरी चिंध्यांचे किंवा मातीचे मांजर असेलच. त्याच्यासमोर उभे राहाल तेव्हा ‘वेळ कसा मिळतो’ असे विचारू नका. ‘वेळ किती लागला’ असे विचारा. उत्तर ऐकून मग किंमतीच्या पाटीकडे पाहा. पाटीवरचा आकडा फार लहान वाटला, तर टेबलामागच्या बाईला तसे सांगायलाही हरकत नाही. आणि टेबलामागे तुम्हीच असाल, तर पाटी लिहिण्याआधी एकदा शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे ते पाहून या.